चारशे दहा

मार्केट यार्डात, श्रेणिक चौगुल्यांच्या अडतीवर
पोटमाळ्यात माझं टेबल. खाली हळद.
कीबोर्डच्या फटींत हळद, चहाच्या कपाला हळद.

आधी चाव्यांची जोडी पाडली.
एक जगजाहीर, पान उघडेल त्याला देऊन टाकायची.
दुसरी सर्व्हरच्या पोटात, मालकालाही दाखवायची नाही.
"म्हणजे रुमालाखालची बोटं," चौगुले म्हणाले,
आणि पुढचं समजावावं लागलं नाही.

मग परवानगी.
आल्या आल्या विचारलंत तर माणूस बिचकून 'नको' दाबतो,
आणि एकदा नको म्हटलं की ब्राउझर
दार लावून घेतो, कडी आतून.
म्हणून घंटेचं चित्र भावाच्या खाली ठेवलं,
जिथं बोट आपण होऊन थांबतं.
दोनशे बारा जण हो म्हणाले.
दोनशे बारा लांबलचक पत्ते तक्त्यात,
एकातही गाव वाचता येत नाही.

निरोपाला आयुष्य चार तासांचं.
रेंज नसेल तर ताटकळेल, मग वाटेतच मरेल.
शिळा भाव सांगण्यापेक्षा मुकं राहिलेलं बरं,
ही अट दाऊदभाई तोलारांची.

मंगळवारी सौदा निघाला: राजापुरी, चौदा हजार दोनशे.
मी रांग सोडली.
दोनशे एक, दोनशे एक, दोनशे एक,
पोचलं, पोचलं, पोचलं,
आणि मध्येच चारशे दहा:
इथं आता कोणी राहत नाही.
बाबगोंडा मगदूम, बेडग.
नियम साधा आहे, ओळ पुसून टाका.
माझं बोट तिथंच राहिलं.

दुपारी जिना वाजला.
"नातवानं फोन धुऊनपुसून पुण्याला नेला,
मला हे बटणाचं खेळणं. काय निघाला गं भाव?"
तोंडानं सांगता आला असता.
पण अण्णांनी सवयीनं हात पुढं केला,
मी चष्मा पुसायचं फडकं त्यावर टाकलं
आणि बघून बघून शिकलेली बोटं दाबली.

ते बराच वेळ फडक्याकडं बघत राहिले.
"पोरी, तू तर मला एकवीस हजार दिलेस."

खाली कुणी पोतं आपटलं.
पिवळा धुरळा जिन्यानं वर आला.
"हे बघ. हजार इथं. शेकडा इथं. दाब."
तीनदा चुकले.

ओळ संध्याकाळी पुसली. दोनशे अकरा.
गुरुवारी पुन्हा जिना वाजला.