भोपळा धरताना

डॉक्टरीणबाईंनी उभ्या अंगावर
निळ्या पेनानं रेघा मारल्या.
मी म्हटलं, आमचे सासरेही
भोपळा कापायच्या आधी अशाच मारायचे,
मग बराच वेळ नुसते बघत बसायचे.
त्या हसल्या. बघत बसल्या.

पोटाचं मांस वर जाणार होतं, कातडीसकट.
शिरेला शीर जोडायची, भिंगाखाली,
केसाहून बारीक दोऱ्यानं.
परक्या भोपळ्याचं ठिगळ उन्हाळ्यात उकलतं,
त्याच भोपळ्याचं धरतं,
हे मिरजेत, सतारीच्या घरात,
मला कुणी शिकवायला नको.

रात्रभर तासातासाला सिस्टर एस्तेर
पेनासारखं यंत्र टेकवायची.
आत रक्त चालायचं, हुश्श, हुश्श.
"जिवंत आहे," म्हणायची.
मी सूर शोधायचे.
काळी दोनच्या आसपास, जरा उतरलेला.

नौशादच्या वेळचे पोटावरचे पांढरे वळ
आता छातीवर आलेत. आडवे.

वर्षानं कामाला बसले.
भोपळा छातीशी धरून चपडा घासायचा,
तीस वर्षांची सवय.
डाव्या अंगाला भोपळा कळत नाही.
गार की ऊन, खरखरीत की तुळतुळीत,
काही नाही.
रक्त आहे, ऊब आहे. खबर नाही.

बोंड गोंदवायचं का, विचारतात.
म्हटलं, बघू, ईद होऊ दे.

तोवर भोपळा उजवीकडेच घेते.
अंग नितळ झालं की डावीकडे टेकवते
आणि उगाच विचारते,
कसा झालाय गं?