बारावी

निझव्यात, किल्ल्यामागच्या गल्लीत,
खल्फान बिन हमूदच्या बैठकीच्या भिंतीत
सागाच्या खुंट्या मीच ठोकल्या, एकोणीस वर्षं झाली.
अकरा.
बंदुका बारा होत्या.
बारावीला खुंटी नको म्हणाला,
ती अंथरुणांच्या ढिगामागे, सतरंजीत गुंडाळलेली.

आता म्हातारा लेकाकडे निघालाय, मस्कतला,
सातव्या मजल्यावर.
सुनेनं फोनवर सांगितलं, दोन. फार तर दोन.
घरात रांगतं पोर आहे.
म्हणून काल असरच्या नमाजानंतर
आम्ही सगळ्या चटईवर निजवल्या
लग्नघरात पाहुणे झोपतात तशा,
एकीच्या डोक्याशी दुसरीचे पाय.

“ब्रल्हाद,” म्हणाला
(त्यांच्या जिभेवर प नाही, आणि मलाही आता
कुणी प्रल्हाद म्हटलं की मागे वळून बघावंसं वाटतं,
दुसराच कोण आलाय)
“ब्रल्हाद, तू सुतार. तू सांग, कुठली विकू?”
बाबा, मी दस्ते बसवणारा,
नळीतलं मला काय कळतंय.
“म्हणूनच विचारतो.”

कानामागची पेन्सिल काढली, प्लायचा तुकडा घेतला,
वर लिहिलं विक, खाली लिहिलं ठेव.

पहिली तोड्याची. इथे तिला अबू फतीला म्हणतात, वातीचा बाप.
नळीवर चांदीचे सात पट्टे,
आजानं एका गाभण उंटिणीच्या बदल्यात घेतलेली.
मला वाटलं, ही राहणार.
“विक,” फिंजानातली कॉफी संपायच्या आत.
“लोक हिला बघायला यायचे. मी नुसता कॉफी ओतायचो.”

कावळ्यांवरची छऱ्याची, विक.
दुनळी, जिनं एकदा त्याचाच खांदा उखळला होता,
विक, आणि वर एक शिवी, ती मी लिहिली नाही.
तीन मार्टिनी, जावाजावांसारख्या,
एकीला हात लावला की दुसरी रुसल्यासारखी दिसते.
एक सासऱ्यानं दिलेली. “विकली तर बायको कबरीतून उठेल.” ठेव.
एक चारही मुलांच्या लग्नांत उडवलेली.
तिची खोबण उघडून नाकाशी नेली,
मिटल्या डोळ्यांनी बराच वेळ बसला.
ठेव. मग विक. मग ठेव.
खोडरबर नव्हतं, मी पटाशीनं खरवडत राहिलो,
प्लाय तिथे पातळ झाला.

दिवा लावायच्या सुमारास बारावी निघाली.
गंजलेली, चाप लोंबता.
नऊ वर्षं मी म्हणत आलोय, बाबा, आतला खिळाच मोडलाय,
एका दुपारचं काम.
नऊ वर्षं तो म्हणत आलाय, हात लावू नकोस.

काल आपणहून बोलला.
फलजच्या पाण्याची पाळी त्याची होती,
चुलतभाऊ मसूदनं अर्धी पाळी आपल्या खजुरांकडे वळवली.
“दहा पावलांवरून नेम धरला, ब्रल्हाद.
चाप ओढला.
टक् वाजलं, बास.
मसूद हसला. मग त्याचं हसू थांबलं, तो खालीच बसला.
मीही बसलो. पाटाच्या काठावर, दोघं.
पाळी संपली, पाणी तिसऱ्याच माणसाकडे गेलं,
तरी आम्ही बसलेलोच.”

दर ईदला मसूदकडून हलवा येतो.
त्यातला मी कितीदा खाल्लाय.

मग ही ठेवायचीच ना, मी विचारलं.
लग्नातलीकडे बघत राहिला.
“ती चांगल्या घरी जाईल,” म्हणाला, मुलीबद्दल बोलावं तसं.
“ही विकता येणार नाही.
घेणारा दुरुस्त करेल.”

आज शुक्रवार. बाजारात बकऱ्यांचा लिलाव आटोपला,
तो खांद्यावर दोन-दोन घेऊन रिंगणात फिरला.
मी प्लाय धरून मागे. हिशोब मराठीत,
त्यामुळे कुणी डोकावलं तरी हरकत नव्हती.
लग्नातली एका पोरसवदा मुलानं घेतली,
पुढल्या महिन्यात त्याचंच लग्न.
म्हाताऱ्यानं पाच रियाल कमी केले, आपणच.

संध्याकाळी खुंट्या उपटल्या, भोकं लांबीनं बुजवली.
पण भिंत धुरकटलेली,
बंदुकांखालची तेवढी पांढरी,
अकरा आडव्या बंदुका तशाच.
रंग मारू का, विचारलं.
तो बॅग भरत होता, ऐकलं नसावं.

खुंट्या माझ्या पेटीत टाकल्या. साग आहे, कुठेतरी लागेल.
जेवताना भाताला तेलाचा वास येत होता.