तीन खाचा पुढे

ताडपत्री ओढली तेव्हा आधी धूळ उठली,
मग एक पाल,
मग वास, डब्याच्या तळाशी राहिलेल्या तेलाचा असतो तसा, खवट.
दिवाळी करून हे मदुराईला गेले, गलाईच्या दुकानावर,
आणि गाडी इथं लेंगऱ्यात, शेडमध्ये, कडब्याला टेकून.
आता जत्रा चार दिवसांवर.

दस्तगीर मुलाणी विट्याहून आला,
पाठीला पोराचं शाळेचं दप्तर, दप्तरात पाने.
गाडीभोवती एक फेरी मारली, चपलेनं टायर दाबला,
"वहिनी, कितवा महिना?"
डॉक्टरीणबाई विचारते तसं.
सहावा, मी म्हटलं.

बॉनेट उघडलं तर फिल्टरच्या डब्यात उंदरीनं संसार मांडलेला:
कडब्याची पात, माझ्या परकराची नाडी,
सोसायटीच्या पावतीचा चुरा,
मधोमध चार गुलाबी जीव, डोळे न उघडलेले.
दस्तगीरनं घरटं ओंजळीत घेतलं,
गंजीच्या पलीकडं नेऊन ठेवलं.
"मांजराला सांगू नका," म्हणाला.

मदुराईहून फोन. स्पीकरवर ठेवला.
मागं भट्टीचा घूं घूं, कुणीतरी तमिळमध्ये खेकसतंय.
"बॅटरी उतरली असणार. धक्का मारू नका.
पेट्रोल काढून टाका म्हणावं, नासलं असेल.
हँडब्रेक ओढलेला आहे, चिकटला असेल.
आणि तू लांब थांब."
दस्तगीर चाकाखाली आडवा, ड्रमवर हातोडी मारत,
जुनं पेट्रोल केव्हाच बादलीत उतरलेलं.
मी हो हो म्हणत राहिले.
सोन्याला गंज चढत नाही, म्हणून असेल,
यांना वाटतं ठेवलेलं सगळं ठेवलं तसंच राहतं.
नाहीतर हँडब्रेक ओढून कोण जातं सहा महिने?

जालिंदरभाऊंनी ट्रॅक्टर शेजारी लावला. लाल वायर, काळी वायर.
"वहिनी, आत बसा, चावी मारा."
पहिल्यांदा नुसतं टक्.
दुसऱ्यांदा घसा खाकरल्यासारखं.
तिसऱ्यांदा तेही नाही.
"भंगारवाला जत्रेला येतोच की," जालिंदरभाऊ म्हणाले.
दस्तगीर काही बोलला नाही. प्लग काढले,
पॉलिश पेपरनं घासले, फुंकर मारली,
पोराचं नाक पुसावं तसे एकेक पुसले.

चौथ्यांदा
धूर. पांढरा, मग निळा, मग सगळ्या पत्र्याला कापरं,
शेळीनं दावं तोडलं,
सासूबाई पदर नाकाला लावून ओट्यावर,
"पेटली का काय गं?"

काटे उठले. समोरचं घड्याळ म्हणालं, एक वाजला.
खरे साडेअकरा झालेले.
"लावून देऊ?"
राहू दे. तिचं आजच सुरू झालंय.

फोन चालूच होता, सीटवर, उताणा.
"येतोय का आवाज?" मी विचारलं.
"येतोय. बंद करू नको."
गाडी म्हणाले का फोन, कळलं नाही.
मी दोन्ही चालू ठेवले.

"आता एक चक्कर मारायला लागेल," दस्तगीर हात पुसत म्हणाला,
"बॅटरी भरायला. मी नेऊन आणू?"
माघापासून मी विट्याला ब्लाउज शिवायला शिकायला जात होते.
म्हणजे तसं घरात सांगितलेलं.
पर्समध्ये लायसन, तीन आठवड्यांचं, फोटोत केस विस्कटलेले.

पाय क्लचपर्यंत पोचेना.
सीट यांच्या मापाची, पार मागं,
आरशात नुसतं छत.
सीटखाली हात घातला, दांडी उचलली,
टक्, टक्, टक्,
तीन खाचा पुढे.
"काय वाजलं?" फोनमधून.
"काही नाही," मी म्हटलं, आणि पहिला टाकला.

टायर एका जागी बसून चपटे पडलेले,
कमानीपर्यंत गाडी लंगडत गेली, धप धप धप,
जालिंदरभाऊ ट्रॅक्टरवरून बघत राहिले.
विट्याच्या रस्त्याला लागल्यावर कधीतरी
चाकं गोल झाली.