धर

फैजपूर रोडला, सुपडू मिस्तरींच्या शेडमध्ये
काँटेसा घोड्यांवर. पुढची दोन्ही चाकं
केळीच्या वाळल्या पानांवर आडवी.
मालक सावद्याचा, हेमराज. त्याला धूर हवाय:
पुढची चाकं जागच्या जागी, मागची गरगरा.
'गाडी हलायची नाही अन् टायर जळायचं,
कशासाठी रे भो?'
हेमराज नुसता हसला. पैसे आगाऊ देऊन गेला.

मास्टर सिलिंडरकडून पुढं जाणारी नळी कापली,
मध्ये काडेपेटीएवढा व्हॉल्व्ह.
नळीचं तोंड फुलवताना दोनदा चिरलं.
तिसऱ्यांदा ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसला.
तार आत ओढून बटण गिअरच्या दांड्यावर.

मग मी सीटवर, ते ड्रमपाशी आडवे.
(शेडमध्ये बापाला मिस्तरीच म्हणायचं.)
'दाब.' दाबलं. 'धर.' धरलं.
पेडल खाली बसलं. निपलमधून बुडबुडे,
जुनं तेल, बाटलीत कोऱ्या चहासारखं.
'सोड.'
पुन्हा. पुन्हा. पोटरी भरून आली.
मे महिना, वर पत्रा. सेहेचाळीस तरी असेल.

बुडबुडे संपले. पेडल दगडासारखं.
'दाबून ठेव, अन् बटण.' कट्.
'आता पाय काढ.'
काढला.
ते दोन्ही हातांनी ड्रम फिरवायला बघत राहिले.
हलेना.
पाय नाही, अन् दाब तिथंच.

ते तसेच बसले, हात ड्रमवर.
'तुझी माय,' म्हणाले,
आणि बराच वेळ पुढं काही नाही.
मग: 'बटण सोड बरं. बॅटरी उतरेल.'