खरखर

लक्ष्मीपुरीत, धान्यबाजाराच्या पिछाडीला माझं दुकान.
जुनी कॅसेट द्या, पेनड्राइव्ह घेऊन जा.
लग्नं येतात, बारशी येतात,
कुणाच्या आजोळचं भजनी मंडळ,
एकदा तर एका म्हशीच्या वाढदिवसाचं भाषण.
मिरचीचा ठसका बारा महिने,
टेपच्या हेडवरसुद्धा तांबडी धूळ बसते.

इलाही शिकलगार आले ते
रुमालात बांधलेली एकच कॅसेट घेऊन.
सत्तरी कधीच ओलांडलेली. उजव्या हातावर
लोखंडाचा रस उडाल्याचे डाग,
पांढरे, मक्याच्या दाण्याएवढे.
"उद्यमनगरात मोल्डर होतो. चाळीस वर्सं वाळूत."
मशीन जोडायला जपानचा साहेब आलेला,
मोरिता त्याचं नाव. दोन दिवसांत मोरेसाहेब झाला,
गंगावेशीत म्हशीपाशी पेला धरून
धारोष्ण दूध पिऊ लागला.
जाताना ही ठेवून गेला.
"काय बोलला, कळलं न्हाई. छातीला हात लावला नुस्ता."

वेष्टनावर पाच अक्षरं.
एक तिवईसारखं, एक घराला शिडी लावल्यागत.
बाकीची वाचता येईनात,
म्हणून वाजवणाऱ्याचं नाव मास्तर.
"बांबू हाय. जाड. मुळासकट उपटलेला असणार,
आवाजात माती हाय त्येच्या."
कुणी सांगितलं?
"सांगाय कशाला पायजे?"

दुसऱ्या बाजूला एक बाई. लांबलचक तारा.
एक सूर छेडते आणि इतकी थांबते
की दर वेळी मी मशीनकडे बघितलं,
बंद पडलं काय म्हणून.
मिस्त्री हसले.
"ती थांबली न्हाई. ओतलेलं निवू देतीया.
गडबड केली की कास्टिंगला भेग."

मी म्हटलं, खरखर फार आहे. काढून देतो.
रात्री बसून संगणकाला दाखवलं:
हा एवढा आवाज नको.
सगळा गेला. सूर उरले
घासून पालथ्या घातलेल्या ताटांसारखे लख्ख.
माझं मलाच कौतुक.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी हेडफोन लावले,
अर्ध्या मिनिटात काढून ठेवले.
"सूर हायत.
मास्तर कुठं गेला?"

म्हणजे?

"भट्टीचा वारा ऐकून सांगायचो मी, रस झाला का न्हाई.
ह्यो माणूस आधी वारा सोडतो, मागनं सूर येतो.
सूर सपला तरी वारा जरा रेंगाळतो,
उंबऱ्याबाहेर चपला शोधणाऱ्या पाव्हण्यागत.
तुम्ही पाव्हणाच हाकलला की वो."

देवल क्लबात चार वर्षं गाणं शिकलोय मी.
गुरुजी म्हणायचे, श्वास चोरून घ्यायचा,
ऐकू आला तर तालीम कच्ची.
हे मिस्त्रींना सांगणार होतो.
सांगितलं नाही.

होती तशी उतरवून दिली, खरखरीसकट.
दीडशे म्हटलं, त्यांनी दोनशे ठेवले,
सुट्टे घेतले नाहीत.
रुमालाला पुन्हा तीच गाठ.

काढलेला आवाज मात्र माझ्याकडेच राहिला.
वेगळी फाइल. नाव दिलंय, कचरा-एक.
शटर अर्धं ओढून कधी कधी लावतो.
सूर नाही त्यात एकही.
फीत घासल्याचा आवाज.
चटई सरकते कुठं तरी.
आणि कुणी तरी, कुठल्याशा खोलीत,
बांबू ओठाशी धरून
हवा आत घेतो.

बाहेर हमालांनी शेवटचं पोतं टाकलेलं असतं.
मला ठसका येतो.
मी दाबून धरतो.