पिवळ्या ओळी

वेंगुर्ले बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या माथ्यावर
सोसायटीची ही खोली.
खाली कंप्रेसर सुरू झाला की टेबल थरथरतं
आणि माउसचा बाण आपला आपण
दोन घरं सरकतो.

अकरा वर्षांच्या एक्सेल फायली
मला डेटाबेसमध्ये न्यायच्या आहेत.
सोपं आहे, असं मुलाखतीत मीच म्हटलं होतं:
फाईल सीएसव्ही करायची,
स्वल्पविराम दिसेल तिथे ओळ तोडायची,
तुकडा न् तुकडा अवतरणात घालायचा,
पुढे इन्सर्ट इन्टू, शेवटी अर्धविराम.
एका ओळीची एक क्वेरी.

पण आधीचे कारकून बुधाजी केळुसकर
बांगडा सात तऱ्हांनी लिहीत.
बांगडे, बांगडो, बां., घाईत असले तर नुसतं ‘वरीलप्रमाणे’.
सुरमईच्या किलोच्या रकान्यात एकदा
आकडाच नाही, ‘बरी’ असं लिहिलंय.
मी ‘बरी’चे किती किलो धरू?

तीनशे बाराव्या ओळीवर सगळंच अडकलं.
इनास डि'मेलो.
नावातला तो माशीएवढा फटकारा
क्वेरीला अवतरणाचा शेवट वाटला.
‘डि’वर ती मिटली,
उरलेलं बाहेर लोंबकळत राहिलं,
आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली:
‘मेलो’जवळ चूक.
इनास डिझेलची पावती घ्यायला मागेच उभा होता.
म्हणाला, “मेलंय नाय गो मी अजून.”
उपाय साधा असतो. तो फटकारा दोनदा लिहायचा,
म्हणजे एक टिकतो.

शुक्रवारी सगळ्या ओळी पार झाल्या.
चार हजार सहाशे अठरा. तिथेही तेवढ्याच, इथेही तेवढ्याच.
चेअरमननी चहा मागवला
आणि डिझेलच्या थकबाकीची यादी,
मोठा आकडा वर.
सोमवारी नोटिसा निघणार.

ताळा करायला म्हणून मी जुनी फाईल उघडली,
आणि तेव्हा कुठे मला दिसलं
की काही ओळी पिवळ्या आहेत.
एक्केचाळीस.
सीएसव्हीत रंग जात नाही.
अक्षरं जातात, आकडे जातात,
चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा जाते.

उभादांड्याला बुधाजी अंगणात रातांबे फोडत होते.
हात लाल, म्हणून लॅपटॉपला शिवले नाहीत,
कोपरानेच दाखवलं.
“ता पिवळा? मागूचा नाय. इतक्याच.”
कुणी ठरवलं? मीटिंगमध्ये ठराव झाला होता का?
ते बी काढत राहिले.
“ह्येचो झील आस्पत्रीत होतो. ह्येचा इंजिन बुडला.
ह्येचा इचारू नको.”
मी खाली स्क्रोल करत गेले.
त्यांच्या सख्ख्या भावाची ओळ
पांढरीच होती, बावीस हजार चारशेची.

मग आज रविवारी, कुणी नसताना,
टेबलाला एक रकाना वाढवतेय.
नाव सुचेना.
‘माफ’ लिहिलं, पुसलं. माफ कुणी केलेलं नाही,
आकडे जिथल्या तिथे आहेत.
‘सवलत’ला सरकारी वास.
शेवटी ‘पिवळा’ असंच लिहिलं.
किंमत: होय किंवा नाही.
एक्केचाळीस अपडेट हातानेच लिहिले,
फॉर्म्युला ओढून नाही.
इनासच्या ओळीला फटकारा आठवणीने दोनदा.

आता यादीची क्वेरी नव्याने:
जिथे बाकी शून्याहून जास्त
आणि पिवळा नाही.

यादी आखूड कशी झाली, हे चेअरमन उद्या विचारतील.
उत्तर अजून जुळवलेलं नाही.
खाली कंप्रेसर धरतोय.
बाण सरकायच्या आत
एंटर दाबते.