अस्तर

दार एकशे ऐंशी किलोचं.
मढवी काका ते एका बोटानं लावून दाखवतात
नव्या पोरांना, आणि म्हणतात,
आता उघड.
पोरं दोन्ही हातांनी ओढतात, पाय रोवून.

रबाळ्याच्या शेडमध्ये गाडी आधी सोलतात.
सीटा, गालिचे, छताचं कापड,
सगळं उतरवून भिंतीला टेकवतात
लग्नघरातल्या गाद्यांसारखं.
मग पोलाद बसतं. पत्र्याच्या आत पत्रा,
आणि दोन पाट्या भेटतात तिथे
तिसरी, चार बोटं चढवून,
कौलावर कौल घालतात तशी.
पाण्याला फट सापडतेच, काका म्हणतात,
गोळी काही पाण्याहून हुशार नसते,
तिला फक्त घाई असते.

काच परेराची. पाच थर, मधे प्लॅस्टिक.
उन्हात राहिली की कडेनं दुधाळते.
खाली होत नाही.
टायरच्या पोटात कडं, हवा गेली तरी गाडी पळेल.
पण पळणं सोपं.
एवढं वजन घेऊन
बँडच्या पावलानं चालायचं,
इंजिन उकळू न देता,
त्यासाठी निराळा पंखा बसवावा लागतो.
मिरवायचा पंखा, परेरा म्हणतो.

सगळ्यात शेवटी मी.
चामडं, फोम, सुई, मेण लावलेला दोरा.
माझ्यानंतर ते पोलाद कुणाला दिसत नाही.

आजोबा, धोंडू आगवणे, जांभळी नाक्यापाशी
बग्ग्यांचे टप शिवायचे.
मग एका संस्थानाची मोटार आली, उघडी,
दसऱ्याच्या स्वारीची.
लाल कातडं, आत घोड्याचे केस.
सीट कशी झाली ते त्यांनी
कोपरानं दाबून पाहिलं.
बसून बघ, असं म्हणणारं तिथे कोणी नव्हतं
आणि न विचारता बसण्याची
आमची जात नव्हती.
दोन वर्षांनी तीच सीट उसवायला आली
तर शिवणीत झेंडूच्या पाकळ्या,
अक्षता, एक ढब्बू पैसा,
हिरव्या बांगडीचा तुकडा.
एवढी जवळ यायची माणसं.

घोडे गेले. टप गेला.
काच आली, आणि चष्म्यासारखी
दर काही वर्षांनी जाड होत गेली.
पुढच्या मडगार्डावर झेंड्याची दांडी तेवढी
आहे तशीच, वीतभर.

यंदा फेब्रुवारीत गाडी परत आली,
संचलन करून, थोडी मळून.
मी मागची सीट उसवली. सवयीनं
शिवणीत बोटं घातली.
काही नव्हतं. फोमचा भुगा.
काचेवर मात्र, आतून,
खांद्याच्या उंचीला, एक पंजा उमटलेला,
एकावर एक इतक्यांदा
की बोटं किती ते मोजता येईना.
परेरा स्पिरिट घेऊन आला,
बघत उभा राहिला,
आणि आधी चहा प्यायला गेला.

कुणीतरी जाता जाता दार लावलं.
मी आत.
कॉम्प्रेसर बंद पडल्यासारखा झाला,
ग्राइंडरच्या ठिणग्या उडत होत्या
पण आवाजाशिवाय,
दिवाळीचं जुनं चित्र हलावं तशा.
मढवी काका हाक मारत होते.
ओठ दिसले. नाव माझंच असावं.

ज्यांच्यासाठी ही गाडी
ते वर्षातून अकरा मिनिटं बसतात तिच्यात.
मी नऊ दिवस बसते, मांडी घालून,
दोरा दातांनी तोडत.
हे मला तोवर सुचलं नव्हतं.

दार उघडायला दोघं आले, मग तिघं.
तेवढ्या वेळात मी
शेजारची, नवी शिवलेली सीट
कोपरानं दाबून पाहिली.
बरी झाली होती.